चमचाभर

पारोळ्यात, बेकरीच्या मागच्या खोलीत,
रांजणाच्या बुडाशी ओल्या गोणपाटात
एक डबा असायचा.
मैद्याच्या पोत्यांना कुलूप नव्हतं, तुपाच्या पिंपालाही नव्हतं.
याचं झाकण मात्र गफूरशेठ जाता-येता
दोनदा दाबून बघत.

पांढरी भुकटी. मिठासारखी, पण मीठ नव्हे.
पहिल्याच दिवशी सुपडू म्हणाला,
"वास ली पाह्य."
मी वाकलो,
आणि नाकातून डोळ्यांपर्यंत
कुणी दाभण ओढावा तसा कळवळलो.
सगळी भट्टी हसली.
"हाऊ अमोनिया शे. पहिल्या भेटले
समदासले रडावस."

दिवाळीआधी बाया यायच्या
घरचं तूप, घरची पिठीसाखर घेऊन.
ओट्यावर फतकल मारून
आपापल्या डब्यावर नजर ठेवायच्या,
कोकिळाबाईचं तूप जाफराबीच्या खटाईत जाऊ नये म्हणून.
ट्रेवर चिठ्ठ्या लावायचं काम माझं.
माप त्यांचं, चिमूट आमची,
तिचे पैसे कुणी विचारले नाहीत.

भट्टीचं दार उघडलं की
बिस्किटांच्या आधी तो बाहेर यायचा.
बाया पदर नाकाला लावायच्या,
बोलणं तोडून, तोंड फिरवून.
पाच मिनिटांनी त्याच खटाईला
फक्त वेलदोड्याचा वास.
मोडून बघावी तर आत
बारीक बारीक रिकाम्या खोल्या.

"पातय थाप," सुपडू म्हणायचा,
"जाडमा तो कोंडास."
शेठच्या पोरीच्या वाढदिवसाला
मी हौसेनं वीतभर उंच केक केला होता, तोच घालून.
तो गायीनंही हुंगून सोडला.

मग तो वैशाख.
झाकण सैल राहिलं, कुणाकडून ते आजही माहीत नाही.
बाहेर पंचेचाळीस, आत भट्टी.
तिसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी
चमचाभर.
शेठनं डबा हलवला, उलटा केला,
मग माझ्याकडे पाहिलं.
"हिलाल, किसको बेचा?"

मी चौदाचा. अमोनिया घेणार कोण, मला कुठं ठाऊक?
पण नेमके त्याच आठवड्यात
धाकटीसाठी नेलेले चार तुटके टोस्ट आठवले
आणि तोंड चोराचं झालं.

सुपडू काही बोलला नाही.
उरलेला चमचा त्यानं
अंगणातल्या तापल्या पत्र्यावर ओतला.
बिडी पेटवली.
आम्ही तिघं उन्हात उभे,
एका चिमटीच्या ढिगाभोवती,
मयताला उभे राहतात तसे.

ढीग खचत गेला.
जाळ नाही, धूर नाही,
नुसते डोळे चुरचुरत राहिले.
शेठ उपरण्यानं डोळे पुसत होते.
मी ते माफी म्हणून धरून ठेवलं,
दुसरं काही मिळणार नव्हतं.

बिडी संपली तेव्हा पत्रा कोरा.
मी बोट फिरवलं. भाजलं,
पांढरं काही लागलं नाही.
"चोर पोऱ्या नही, शेठ," सुपडू म्हणाला,
"चोर ऊन शे."

त्या शनिवारी मजुरीत
आठ आणे जास्त निघाले.
कशाचे, ते शेठनं सांगितलं नाही.
टोस्टचं मीही सांगितलं नाही.

आता बिस्किटाच्या पुड्यावर मागे
त्याचा नंबर छापतात, पाचशे तीन,
मुंगीएवढ्या अक्षरात.
मी चष्मा लावून शोधतो.
मग बिस्कीट मोडतो आणि आधी नाकाला लावतो.
बायको म्हणते, हे काय खूळ?
काही नाही, म्हणतो.
कसलाच वास येत नाही ना,
म्हणजे नीट भाजलंय.